चारशे सतरा नंबरचा आहार

श्यामलाबाई जन्मात एकच मोठं खोटं बोलल्या. मात्र ते एक खोटं त्यांनी दर पंधरा दिवसांनी, असं सलग पाच महिने बोलून दाखवलं, आणि ज्या बाईंना सांगितलं त्यांनी ते जाड पुठ्ठ्याच्या फायलीत शाईने लिहून घेतलं. एरवी बाई म्हणजे खरेपणाचा कहर. लग्नात वाढप्याने सहज विचारलं, "जिलबी कशी झालीय?" तर "कच्ची" म्हणून सांगणार. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत बायका नवी साडी नेसल्या की त्यांच्या जिन्यावरून जायचं टाळत.

खोटं घडलं ते शहाण्णव साली. तेव्हा बिऱ्हाड शनिवार पेठेत, दोन खोल्यांत होतं, आणि श्यामलाबाईंना चौथा महिना लागला होता. एका संशोधन संस्थेने शहरातल्या आठशे गरोदर बायका निवडल्या होत्या. आई काय खाते, किती खाते, तिची तब्येत कशी, आणि पुढे तिच्या मुलाचं काय होतं, हे संस्था बघणार होती. पुढे म्हणजे किती पुढे, हे कुणी विचारलं नाही. संस्थेच्या बाई वजनकाटा, टेप आणि लहानमोठ्या चार स्टीलच्या वाट्या घेऊन यायच्या. आमटी म्हटलं की वाट्या पुढे मांडून विचारायच्या, "कुठल्या वाटीने?" आणि हे चाललेलं असताना श्यामलाबाईंच्या सासूबाई, दुर्गाबाई, समोर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या.

आता घरातली खरी गोष्ट अशी, की सुनेला पोटभर मिळत नव्हतं. छळ म्हणावा असं काही नव्हतं. आवाज चढत नसे, टोमणा नसे. पण सगळ्यांची पानं उठल्यावर सून बसायची, आणि दुसऱ्या पोळीकडे तिचा हात गेला की दुर्गाबाई पोळ्यांच्या डब्याला शांतपणे झाकण लावायच्या. "या दिवसांत पोट हलकं बरं," एवढंच म्हणायच्या. माहेरून डिंकाचे लाडू आले, ते दुर्गाबाईंनी वरच्या फळीवर चढवले आणि आठ दिवसांनी शेजारपाजारी वाटून टाकले. श्यामलाबाईंनी याचा एकच अर्थ काढला होता, तो म्हणजे सासू चिकट आहे.

पण हे परक्या बाईला सांगणार कसं? सासू समोर बसलेली. आणि ती नसती तरी सांगितलं नसतं, कारण घरचं चव्हाट्यावर मांडायचं नाही हे श्यामलाबाईंच्या आईने त्यांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "तीन पोळ्या." बाईंनी विचारलं, "बरोबर काय?" आणि तिथून श्यामलाबाई सुटल्या. भूक लागलेली होतीच. शेवग्याच्या शेंगांची आमटी, लसूण घालून परतलेली मेथी, मुगाची उसळ, सायीचं दही, दुपारी डिंकाचा लाडू, संध्याकाळी शिकरण. वाटी विचारली की त्या सगळ्यांत मोठीवर बोट ठेवायच्या. सांगून झालं की खरोखर जेवल्यासारखं वाटायचं. पुढच्या खेपेला काय काय सांगायचं हे त्या पंधरा दिवस मनात जुळवत राहायच्या. दुर्गाबाई मान वर न करता खडे वेचायच्या. एकदाही त्यांनी सुनेला खोडून काढलं नाही. लग्न झाल्यापासून सासूसुनेचं ज्यावर एकमत झालं अशी तेवढी एकच गोष्ट.

सलोनी जन्मली ती दोन किलोची. संस्था चक्रावली. आठशे बायकांत चारशे सतरा नंबरच्या बाईचा आहार सर्वांत उत्तम, आणि बाळ वजनात शेवटून पाचवं. पुढची कित्येक वर्षं हुशार माणसं त्या नंबरपाशी अडकून पडली. एका मुलाची पीएचडी दोन वर्षं रखडली. परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत चारशे सतराचा तक्ता भिंतीवर लावला होता आणि त्याच्यापुढे उभं राहून गोऱ्या लोकांनी शेवग्याच्या शेंगेवर चर्चा केली, असं संस्थेच्या एका साहेबांनी घरी येऊन कौतुकाने सांगितलं. श्यामलाबाईंचे यजमान माधवराव त्यावर म्हणाले, "आमच्याकडे खाण्यापिण्याची कधीच ददात नव्हती." त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. पहिल्या पंगतीतून उठणाऱ्या माणसाला दुसऱ्या पंगतीत काय उरतं हे दिसत नाही.

हे सगळं असंच झाकलेलं राहिलं असतं. पण सलोनी अठ्ठावीस वर्षांची झाली, तिचं शौनकशी लग्न झालं, वारज्याला संसार मांडला, दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात तपासणीत साखर वाढलेली निघाली. शौनकला कंपनीने दोन महिन्यांसाठी बेंगळुरूला पाठवलं म्हणून ती माहेरी राहायला आली. येताना बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणलं आणि एक लॅमिनेट केलेला कागद आणला. आठशे जणींच्या मुलींची बाळंतपणंही संस्था आता बघत होती. तिथे नाव घातलं तेव्हा तिला आईच्या जुन्या नोंदींची प्रत मिळाली होती. ती तिने श्यामलाबाईंच्याच फ्रिजवर चिकटवली. श्यामलाबाईंना दूध काढायला गेलं तरी शेवग्याच्या शेंगा वाचाव्या लागत.

"बघ ना आई, किती बॅलन्स्ड होतं तुझं," सलोनी म्हणायची. "तू मला एवढा सॉलिड स्टार्ट दिलास आणि मी सगळं वाया घालवलं. हॉस्टेलवर नूडल्स, ऑफिसमध्ये पिझ्झा. डॉक्टर म्हणतात, घरात कुणाला शुगर नाही, वजन नॉर्मल, मग कशामुळे? कशामुळे काय, माझ्यामुळे."

आणि म्हणून तिने खाणं सोडलं. डॉक्टरांनी दिवसातून सहा वेळा मोजून खायला सांगितलं होतं, पण यंत्रावरचा आकडा जरा वर गेला की पुढचं एक खाणं ती गाळायची. असं करत करत गाडी काकडी आणि ताकावर आली. पंधरा दिवसांत वजन वाढायचं ते घटलं. सोनोग्राफीत बाळ दोन आठवड्यांनी मागे दिसलं. डॉक्टर स्पष्ट बोलल्या, "साखर मी औषधाने सांभाळीन. बाळाला उपाशी ठेवून मला साखर नकोय." सलोनीने समंजसपणे मान हलवली आणि घरी येऊन अर्धी काकडी खाल्ली.

त्याच दिवशी श्यामलाबाई पर्स विसरल्याचं निमित्त करून परत डॉक्टरांच्या खोलीत गेल्या होत्या. पर्स त्यांच्या खांद्यालाच होती. "आईचं त्या वेळचं खाणंपिणं मुलीला पुढे लागतं का हो?" त्यांनी विचारलं.

"लागतं ना," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात असताना कमी मिळालं तर शरीर कमीवरच भागवायला शिकतं. मग मोठेपणी साखर त्याला झेपत नाही. पण तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. तुमचा रेकॉर्ड मी वाचलाय."

खाण तशी माती, हे श्यामलाबाईंनी आयुष्यात शंभरदा म्हटलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या मुलींबद्दल. त्या रिक्षात सलोनीशेजारी बसल्या. त्यांना लाज वाटत होती. लेक स्वतःला दोष देऊन झुरत होती आणि दोष पर्स घेऊन शेजारी बसला होता.

सांगून टाकायचं हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. ठरवून आठ दिवस गेले. सलोनीपुढे ताट ठेवायचं, तोंड उघडायचं, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत दुर्गाबाई खाकरायच्या. म्हातारी चौऱ्याऐंशीची, दिसतं कमी, पण कान असे की तिसऱ्या मजल्यावरचा कुकर कितव्या शिट्टीवर आहे ते सांगेल. खरं सांगायचं तर सासूचं नाव घ्यावं लागणार. या वयात नातीपुढे तिला उघडं पाडायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. मग श्यामलाबाई तोंड मिटून धिरडी करायच्या, आणि सलोनी म्हणायची, "आई, प्लीज, फोर्स नको करूस."

नवव्या दिवशी सकाळी अकराला संस्थेकडून कादंबरी नावाची कार्यकर्ती आली. तिशीची चटपटीत मुलगी, हातात टॅब. पण पिशवीतून वाट्या निघाल्या त्या स्टीलच्याच. माधवराव बँकेत गेले होते. दुर्गाबाई खिडकीजवळच्या खुर्चीत फुलवाती वळत होत्या.

"काकू, आधी तुमच्याशी बोलायचंय," कादंबरी म्हणाली. "पुढच्या महिन्यात आमच्याकडे मातांचा मेळावा आहे. तुम्ही आदर्श आहारावर दहा मिनिटं बोलावं, असं सर म्हणतायत."

"मी भाषणं करत नाही," श्यामलाबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं?"

"पाच मिनिटांचंही करत नाही."

कादंबरीने निमूटपणे टॅब उघडला आणि सलोनीला विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत, ताई?"

श्यामलाबाई चहा टाकायला वळल्या होत्या. त्यांच्या कानावर आलं, "सकाळी नाचणीची आंबील. मोठी वाटी." त्या थांबल्या. काल घरात आंबील झाली नव्हती.

"मग अकराला शेंगदाणे, मूठभर," सलोनी सांगत होती. "जेवायला दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, आई त्यात ओलं खोबरं घालते. चुक्याची भाजी. दही. दही हे या वाटीने, नाही, या मोठ्या." तिचा आवाज हळूहळू रंगात आला होता. नजर समोरच्या भिंतीवर लागली होती आणि सांगता सांगता तिने एकदा आवंढा गिळला. "दुपारी डाळीचं धिरडं. रात्री पालक घालून मुगाची खिचडी, वर..." इथे ती जरा थांबली, विचार केला, आणि म्हणाली, "वर भाजलेला पापड."

श्यामलाबाई दारात उभ्या राहून लेकीचं तोंड बघत होत्या. हे तोंड आतून कसं असतं ते त्यांना ठाऊक होतं. पोटात काही नसताना माणूस इतकं नीट जेवण सांगू शकतो हे या घरात त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. खिडकीजवळ दुर्गाबाईंची बोटं वळता वळता थांबली होती.

"खोडा ते," श्यामलाबाई म्हणाल्या.

"काय काकू?"

"आत्ता लिहिलंत ते. काल तिने दोन काकड्या खाल्ल्या आणि एक वाटी ताक. ती सगळ्यांत लहान वाटी."

"आई, काय करतेयस तू?" सलोनी म्हणाली.

"आणि फ्रिजवर लावलंय तेही खोडा. ते मी सांगितलेलं आहे आणि ते खोटं आहे."

कादंबरीने फ्रिजकडे बघितलं, मग टॅबकडे. "त्यातलं कुठलं, काकू?"

"शेंगांपासून शिकरणीपर्यंत. एक पोळी, आमटी असेल ती, आणि भात उरला तर भात. लाडू मी पाहिले, खाल्ले नाहीत."

"काकू, पण आमच्या सरांचा अख्खा प्रबंध..."

"सरांना सांगा, बाई खोटारडी निघाली."

मग त्या सलोनीसमोर येऊन बसल्या. "तू काही वाया घालवलं नाहीस. वाया घालवण्याजोगं मी तुला दिलंच नव्हतं. आडात नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? तू दोन किलोची झालीस ती मी अर्धपोटी होते म्हणून. आज तुला साखर झेपत नाही, त्याचं मूळही तिथेच असेल. तुझ्या नूडल्सना उगाच बोल लावू नकोस. आणि माझ्यामुळे तू आता पोटातल्या तिसऱ्या जिवाला उपाशी ठेवतेयस, ते मला बघवत नाही."

सलोनीने फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं. मग तिने विचारलं, "पण का? आपल्याकडे नव्हतं का खायला?"

श्यामलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हाच प्रश्न येणार हे त्यांना आठ दिवस माहीत होतं.

"होतं," खिडकीजवळून दुर्गाबाई म्हणाल्या. "मी देत नव्हते."

कादंबरीने टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"का, आजी?" सलोनी म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती.

दुर्गाबाईंनी हातातली वात पुरी केली, तबकात ठेवली आणि मगच बोलल्या. "माझी थोरली बहीण होती. यमू. पहिलटकरीण म्हणून माहेरी आणली. आईने लाड केले. दूध, खीर, लाडू. तुपाची वाटी मीच नेऊन द्यायचे तिला, बारा वर्षांची होते मी. मूल मोठं झालं. तीन दिवस अडली. चौथ्या दिवशी दोघांना एकदमच नेलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, खाऊन खाऊन मूल वाढवलंन."

दुर्गाबाईंनी तबकातला कापूस उचलला आणि तसाच ठेवला.

"ही घरात आली ती कमरेत एवढीशी," दुर्गाबाईंनी श्यामलाबाईंकडे न बघता हाताने माप दाखवलं. "दिवस राहिले तशी मला झोप लागेना. म्हटलं, मूल बारीक झालं तरी चालेल, मागाहून भरता येतं. सून गेली तर कुठून आणू?"

श्यामलाबाईंनी अठ्ठावीस वर्षं सासूवरचा राग नीट घडी घालून जपला होता. सणावारी, आजारपणात, प्रत्येक वेळी तो उपयोगी पडला होता. आता तो हातात तसाच होता आणि ठेवायला जागा नव्हती. त्यांना या बाईच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, आणि तिचा हात धरावासाही वाटला. दोन्हीपैकी काहीच त्यांनी केलं नाही.

"मला वाटायचं तुम्ही चिकट आहात," त्या म्हणाल्या.

"ते कळत होतं मला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"पोटुशीला असलं सांगतात?"

"नंतर सांगायचं."

"नंतर तू जिवंत होतीस," दुर्गाबाई म्हणाल्या. "मग सांगायचं काय राहिलं?"

सलोनी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. राग कुणावर काढायचा हे तिलाही ठरवता येईना. मग अचानक तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आई, मला भूक लागलीय," ती म्हणाली. "खूप भूक लागलीय. तीन आठवडे झाले."

श्यामलाबाई आत गेल्या. उसळ सकाळीच झाली होती, रोज होतच होती. त्यांनी भाकरी थापली. कादंबरी म्हणाली, "मी थांबते. काल काय खाल्लं ते राहू दे, आज समोरच मोजते," आणि तिने आपल्या वाट्या धुऊन ताटात मांडल्या. सलोनी जेवायला बसली. पहिली भाकरी तिने मान वर न करता संपवली. दुर्गाबाई खुर्ची ओढून टेबलाशी आल्या होत्या आणि नातीचा एकेक घास बघत होत्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता.

श्यामलाबाई दुसरी भाकरी घेऊन आल्या आणि ताटापाशी थांबल्या. थांबायचं काहीच कारण नव्हतं. घर त्यांचं, लेक त्यांची, भाकरी त्यांनी थापलेली. तरी त्यांनी सासूकडे बघितलं.

दुर्गाबाईंनी कादंबरीला विचारलं, "समज, मूल मोठं झालं आणि अडलं, तर?"

"तर सिझेरियन करतात, आजी."

"आई जगते?"

"जगते की. माझंच झालंय. दोन वर्षं होतील आता."

दुर्गाबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं. कादंबरी हातात वाटी घेऊन उभी होती.

"सिझेरियन माझ्या वेळीही होत होतं, आई," श्यामलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "घरापासून दहा मिनिटांवर."

"ठाऊक होतं गं," दुर्गाबाई म्हणाल्या. "पण तू पानावर बसलीस की मला यमूच दिसायची." त्या टेबलाला धरून उठल्या. "वाढ तिला. मी आत जाते. मला बघवायचं नाही."

त्या सावकाश आपल्या खोलीत गेल्या. दार त्यांनी लोटून घेतलं नाही. श्यामलाबाईंनी भाकरी ताटात ठेवली आणि सलोनी जेवत राहिली.

"दुसरी घेतलीन का?" आतून प्रश्न आला.

"घेतली. अर्धी झाली," श्यामलाबाईंनी होतं ते सांगितलं.

कादंबरीने काही लिहिलं नाही. श्यामलाबाई दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

"मग कोरडी का खायला लावतेस?" दुर्गाबाई म्हणाल्या. "तूप घाल."